आपली श्रद्धा शेजाऱ्याला सांगावी कशी?



ऑक्टोबर महिन्यातला शेवटून दुसरा रविवार जगभरच्या ख्रिस्तसभेत मिशन रविवार म्हणून पाळला जातो. पोप अकरावे पायस यांच्या काळात, १९२६ साली, ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी आपण मिस्सेत मिशनसाठी प्रार्थना करतो, पाकिटात दान घालतो आणि घरी जातो. मिशन म्हणजे दूर कुठल्यातरी देशात फादर-सिस्टर करतात ते काम, अशी आपली समजूत असते. पण सोमवारी पहाटे कर्जतहून मुंबईची लोकल पकडली, दोन तासांचा प्रवास सुरू झाला आणि रोजचा गाडीमित्र सहज म्हणाला, "काय हो, तुम्ही लोक धर्मांतर का करता?" की मिशन आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसते.

अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण हसून विषय बदलतात, कारण रोज त्याच डब्यातून जायचे आहे. काही जण तावातावाने वाद घालतात आणि बदलापूर येईपर्यंत दोघांचीही तोंडे दोन दिशांना होतात. एकाने श्रद्धा लपवली, दुसऱ्याने ती काठीसारखी उगारली. यांच्यामध्ये तिसरी वाट आहे का? आजच्या पाठात आपण तीच वाट शोधणार आहोत.

शास्त्र काय शिकवते?

या विषयावर संत पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसरा अध्याय, पंधरावी व सोळावी ओवी घरी अवश्य वाचावी. पेत्र ज्यांना लिहीत होता ते ख्रिस्ती लोक संख्येने थोडे होते, परक्या मुलखात विखुरलेले होते आणि आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. म्हणजे आपली परिस्थिती त्यांना नवी नव्हती. त्यांना पेत्र तीन गोष्टी सांगतो. पहिली, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास तयार असा. दुसरी, ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या. तिसरी, तुमचे आचरण असे ठेवा की निंदा करणाऱ्यालाच लाज वाटावी.

यातला क्रम लक्षात घ्या. पेत्र गृहीत धरतो की कोणीतरी विचारणार आहे. का विचारणार? कारण या माणसांच्या जगण्यात त्याला काहीतरी वेगळे दिसले आहे. आपल्याला कोणीच काही विचारत नसेल, तर आधी स्वतःच्या जगण्याकडे पाहावे लागेल.

दुसरा धडा संत पौलाचा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सतरा. अथेन्स नगरात जागोजागी मूर्ती पाहून पौलाचे मन अस्वस्थ झाले होते. तरी भाषणाला उभा राहिल्यावर त्याने त्या लोकांची निर्भर्त्सना केली नाही. तुम्ही धर्मशील आहात हे मी पाहिले, अशी त्याने सुरुवात केली. अज्ञात देवाला वाहिलेल्या त्यांच्याच वेदीचा उल्लेख केला, त्यांच्याच कवींचा दाखला दिला आणि मग ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंत आला. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौल कोणाच्या मागे लागला नाही. बोलून झाल्यावर तो तिथून निघाला.

समुद्रकिनारा आणि रेल्वेचा डबा

आता आपल्याच महाराष्ट्रातील दोन प्रसंग पाहू.

पहिल्या प्रसंगातील एक माणूस आपल्या रायगड जिल्ह्याचा. माणगाव तालुक्यातील शिरवली गावी १८२५ साली विष्णू भिकाजी गोखले यांचा जन्म झाला. पुढे ते विष्णुबुवा ब्रह्मचारी या नावाने प्रसिद्ध झाले. त्या काळी मुंबईत मिशनरी रस्त्यावर उभे राहून प्रवचने करीत आणि त्यांत हिंदू धर्मावर कडक टीका होई. विष्णुबुवांनी त्यांना जाहीर उत्तर द्यायचे ठरवले. १८५७ सालच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या समुद्रकिनारी हा वाद रंगत असे. मिशनऱ्यांच्या बाजूने जॉर्ज बोवेन हे अमेरिकन पाद्री प्रमुख होते. बोवेन काही ऐषआरामी साहेब नव्हते. मिशनचा पगार सोडून ते गरीब वस्तीत साधेपणाने राहत आणि त्यांच्याविषयी लोकांना आदर होता. ऐकायला मोठी गर्दी जमे.

निष्पन्न काय झाले? बोवेन यांनी आपल्या बाजूची हकीगत इंग्रजीत छापली. विष्णुबुवांच्या बाजूची हकीगत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने १८७२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, पुस्तकरूपाने आली. दोन विद्वान, दोन्ही प्रामाणिक, दोघांचीही देवावर निष्ठा. महिनोन्‌महिने समोरासमोर उभे राहूनही ते आपापल्या जागीच राहिले. गर्दीसमोर वाद सुरू झाला की माणूस सत्य शोधण्यापेक्षा आपली बाजू राखू लागतो. समोरच्याचे म्हणणे पटले तरी ते कबूल करण्याची सोय उरत नाही.

दुसरा प्रसंग १८९३ सालचा. कवी नारायण वामन टिळक नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. तो टिळकांशी अदबीने वागला. बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू झाले. संस्कृत हा टिळकांचा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे गप्पा रंगल्या. पुढे त्याने ख्रिस्ताविषयी टिळकांचे मत विचारले आणि त्यांना नव्या कराराची एक प्रत भेट दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थांबले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे, पण त्यांची भजने आज आपणही आपल्या देवळात भक्तिभावाने गातो.

या दोन प्रसंगांत फरक कोणता? आम्हांला वाटते, डब्यातल्या त्या प्रवाशाने आधी समोरच्या माणसाचे मोल ओळखले. त्याच्या भाषेचा, त्याच्या विद्येचा मान राखला. मत लादण्याऐवजी मत विचारले. पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. पुढचे काम देवाने केले.

ही गोष्ट इथेच संपवली तर मात्र अर्धीच सांगितली असे होईल. टिळकांच्या त्या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतिपत्नींची ताटातूट झाली, नातलग दुरावले. 'स्मृतिचित्रे' वाचताना आजही डोळे पाणावतात. लक्ष्मीबाईंनी पुढे ख्रिस्ताला स्वीकारले ते काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने. श्रद्धेतला बदल हा घरादाराला हलवणारा असतो, हे आपण कधी विसरू नये. ज्याला पाऊल टाकायचे असते त्याच्या मागे आई असते, भाऊ असतात, सारी वाडी असते. "एक आत्मा मिळाला" असे मोजमाप करणाऱ्याला या अश्रूंची कल्पना नसते.

श्रद्धा लादता का येत नाही?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार अभ्यासला होता. विश्वास ठेवणे ही इच्छाशक्तीची कृती आहे, आणि इच्छा दुसऱ्याला बळाने वळवता येत नाही. कोणाचा हात धरून पाण्यापाशी नेता येईल, पण त्याच्या अंतःकरणातला होकार दुसरा कोणी देऊ शकत नाही. भीतीने, लोभाने किंवा उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा होकारच नसतो. देवालाही असा होकार नको असतो, म्हणून तर त्याने माणसाला स्वातंत्र्य दिले.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. एक धर्मस्वातंत्र्याविषयी, दुसरा ख्रिस्तसभेच्या मिशनकार्याविषयी. पहिल्यात म्हटले आहे की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होऊ नये. दुसऱ्यात, कोणालाही बळजबरीने वा अनुचित मार्गांनी भुलवून ख्रिस्ती करण्यास ख्रिस्तसभेने सक्त मनाई केली आहे. एकाच दिवशी मिशनचा आग्रह आणि स्वातंत्र्याचा आग्रह, दोन्ही. त्यांच्यात विरोध नाही, हेच परिषदेला सांगायचे होते.

ख्रिस्ती लोक या शिकवणीला नेहमी जागले का? नाही. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. त्याच गोव्याच्या भूमीवर फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात करून ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ साली छापले गेले. एकीकडे सत्तेची काठी, दुसरीकडे लोकांच्या भाषेवरचे प्रेम. काठीची आठवण आजही कटू आहे, ओवी मात्र मराठी वाङ्मयात मानाने उभी आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या बळजबरीबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. गाडीमित्राने हा इतिहास काढला तर आपण तो नाकारू नये. पोपमहोदयांनी जे कबूल केले ते कबूल करायला आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आपल्या देशाचा कायदाही माहीत असावा. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून हा हक्क आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा प्रसार होय. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर पुष्कळ चर्चा झाली आहे. पण सामान्य ख्रिस्ती माणसाला त्यातून एक सोपे सूत्र घेता येईल: सांगणे आपले, पटणे त्याचे, वळवणे देवाचे. यांपैकी पहिले तेवढे आपल्या हातात आहे.

आपल्या वाड्यावस्त्यांत

आता सूत्र कामाला लावू. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आपण राहतो ते ठाकर, कातकरी, आगरी, मराठा, बौद्ध, मुस्लिम अशा सर्व बांधवांच्या शेजारी. आपल्यापैकी कोणी नोकरीसाठी खोपोलीच्या कारखान्यांत आले, कोणी रेल्वेत, कोणी शाळा-दवाखान्यांत. पुढील प्रसंग आपल्याला नवे नाहीत.

१. मदतीचा प्रसंग. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसात हाताला काम नसते, घरात धान्य नसते. या वेळी आपण तांदूळ, डाळ, ताडपत्री नेतो, ते योग्यच आहे. परंतु तांदळाच्या पिशवीत पत्रक घालू नये. भुकेला माणूस "नाही" म्हणू शकत नाही, आणि ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याच्या "हो"ला अर्थ नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा चिखल उपसणाऱ्या हातांनी कोणाची जात किंवा धर्म विचारला नाही. प्रभूच्या दृष्टान्तातील शमरोन्यानेही जखमी माणसाची मलमपट्टी केली, धर्मशाळेचे पैसे भरले आणि तो पुढे गेला. जखमी माणसाने पुढे कोणत्या देवळात जावे, असे त्याने काही सांगितल्याचे शुभवर्तमानात नाही.

२. आजारपणाचा प्रसंग. वाडीवरची एखादी माउली म्हणते, "ताई, माझ्या पोरासाठी तुमच्या देवाला सांगा." जरूर सांगावे. तिथल्या तिथे, तिला समजेल अशा शब्दांत छोटी प्रार्थना करावी. परंतु आधी ताप किती दिवसांचा आहे ते विचारून पोराला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचवावे. "प्रार्थनेला आलात तर बरे वाटेल, औषधाची गरज नाही" असे वचन कोणीही देऊ नये. ते देवाच्या नावाने खोटे बोलणे आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

३. सणाचा प्रसंग. सोसायटीत गणपती बसतो, वाडीत सप्ताह असतो, बौद्धवाडीत १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते. शेजाऱ्याने बोलावले तर जावे, आदराने बसावे, घरच्यांची विचारपूस करावी. हा शेजारधर्म आहे. आपल्या श्रद्धेला न पटणारी एखादी गोष्ट असेल तर ती नम्रपणे टाळता येते. मूर्तीची टिंगल, उपासाची चेष्टा, "तुमचे सगळे खोटे" ही भाषा मात्र ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही, मग ती समोर असो वा मोबाईलवर पुढे ढकललेल्या निरोपात असो.

४. मुलांचा प्रसंग. आपल्या मुलांबरोबर शेजारची मुले खेळायला येतात, नाताळात गोठा पाहायला येतात. त्यांना करंज्या द्याव्यात, गोठ्याची गोष्ट विचारली तर सांगावी. आईवडिलांच्या नकळत मात्र त्यांना प्रार्थना शिकवू नये वा धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसवू नये. आपल्या मुलाला कोणी असे केले तर आपल्याला काय वाटेल, एवढा विचार पुरे.

५. देव न मानणाऱ्याचा प्रसंग. कॉलेजात जाणारा तरुण म्हणतो, "देवधर्म ही सगळी अंधश्रद्धा." त्याच्यावर चिडू नये. तो भोंदूगिरीवर चिडला असेल तर तिथे आपण त्याच्या बाजूचे आहोत. आधी विचारावे, "कोणत्या देवावर तुझा विश्वास नाही?" बहुधा तो ज्या क्रूर, लाचखाऊ देवाचे वर्णन करील त्या देवावर आपलाही विश्वास नसतो. तिथून खरा संवाद सुरू होतो.

६. कोणी स्वतःहून आला तर? एखादा बांधव म्हणाला, "मला ख्रिस्ताविषयी जाणून घ्यायचे आहे," तर आनंद मानावा आणि त्याला धर्मगुरूंकडे आणावे. पण घाई नको. प्रौढांच्या दीक्षेसाठी ख्रिस्तसभेने टप्प्याटप्प्याचा दीर्घ मार्ग ठेवला आहे. त्याचा हेतू शुद्ध आहे ना, नोकरी-लग्नाचा विचार त्यामागे नाही ना, घरच्यांशी तो बोलला आहे ना, हे सारे पाहायला वेळ लागतो. या काळात त्याने विचार बदलला तरी आपली मैत्री तशीच राहिली पाहिजे. नाही तर ती मैत्री नव्हतीच.

मग गप्पच बसावे का?

एवढे वाचून कोणी म्हणेल, "फादर, मग काही न बोललेलेच बरे!" नाही, तसे नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसारावर लिहिलेल्या पत्रात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. आजचा माणूस गुरूपेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो, असे ते सांगतात. त्याचबरोबर, उत्तम साक्षसुद्धा ख्रिस्ताचे नाव उच्चारल्याशिवाय पुरी होत नाही, असेही बजावतात.

आम्हांला वाटते, आपले मौन पुष्कळदा आदरातून येत नाही. ते भीतीतून येते, किंवा आपल्यालाच आपली श्रद्धा नीट ठाऊक नसते म्हणून येते. "तुम्ही मरियेची पूजा करता का?", "तीन देव कसे?", "पापनिवेदन कशासाठी?" असे प्रश्न आले की आपण म्हणतो, "फादरना विचारा." जो मित्र आपल्या सुखदुःखात धावून येतो त्याला आपण आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कधीच सांगितली नाही, तर त्या मैत्रीत काहीतरी कमीच राहिले. म्हणून "मी" या शब्दाने सुरुवात करावी. "माझे वडील गेले तेव्हा मला या प्रार्थनेने आधार दिला." "क्षमा करणे मला जड जाते, पण प्रभू तेच मागतो." अशा बोलण्यात कोणाचा अपमान नाही, कोणाला हरवणे नाही. ऐकणाऱ्याने मग त्याचे काय करावे हे तो आणि देव पाहतील.

लहान ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कामाच्या ठिकाणी किंवा गाडीत आपल्या श्रद्धेविषयी कोणते प्रश्न विचारले जातात? त्यांतील एकाचे उत्तर चार वाक्यांत तयार करा.

२. आपल्या समूहाच्या मदतकार्यात एखादी न बोललेली अट लपली आहे का?

३. शेजारच्या धर्मबांधवांकडून आपण देवाविषयी काय शिकलो?

या आठवड्याचा निश्चय: एका अन्यधर्मीय शेजाऱ्याकडे काही काम नसताना जाऊन बसू आणि बोलण्यापेक्षा अधिक ऐकू.

प्रार्थना: हे प्रभू येशू, शमरोनी स्त्रीकडे तू आधी पाणी मागितलेस, मग तिला जीवनाचे पाणी दिलेस. आमच्या शेजाऱ्यांकडून घेण्याची नम्रता आम्हांला दे, आणि त्यांनी विचारले तर तुझे नाव घेण्याचे धैर्यही दे. आमेन.